कुंडीतली उब जाते कुठे? वाळवंटातली थंडी आणि आपली पुण्याची झाडं

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांमध्ये यंदा एकाच विषयावरची पत्रं जास्त होती. मुलगा, मुलगी किंवा जावई बदली होऊन राजस्थानात गेलेत, सोबत पुण्यातल्या कुंड्याही गेल्यात आणि तिथल्या थंडीत त्या टिकत नाहीयेत. मी स्वतः मिस्टरांच्या नोकरीमुळे तीन हिवाळे बिकानेरला काढलेत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याचीच उत्तरं देतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मुलाची दीड वर्षापूर्वी बिकानेरला बदली झाली. सुनेला झाडांची खूप आवड, सामानाच्या ट्रकमधून तिने तीस-बत्तीस कुंड्या नेल्या. गेल्या जानेवारीत एका सकाळी उठून बघते तर तुळस पूर्ण काळी, जास्वंदीची पानं गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखी लिबलिबीत आणि कढीपत्ता मान टाकून बसलेला. त्या दिवशीच्या पेपरात किमान तापमान ४ अंश दिलं होतं. पाणी तर शून्याला गोठतं, मग ४ अंशाला झाडं कशी गेली? ती तुळस माझ्या सासूबाईंच्या वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांपासून वाढवलेली होती हो, फार जीवाला लागलं. यंदा काय करायचं ते नीट सांगा.

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून मला माझा बिकानेरचा पहिला जानेवारी आठवला, माझ्या अकरा कुंड्या एका रात्रीत गेल्या होत्या आणि त्यात आईने दिलेला सोनचाफा होता. त्यामुळे तुम्हाला काय वाटलं असेल ते मला बरोबर कळतंय. सूनबाईंना सांगा त्यांचं काही चुकलं नाही, पुण्याच्या सवयीने वागलं की तिथे असंच होतं.

आधी ४ अंशाचं कोडं. हवामान खातं जे तापमान देतं ते जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं, म्हणजे त्या थर्मामीटरच्या डोक्यावर छप्पर आहे. तुमच्या तुळशीच्या डोक्यावर ते नव्हतं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचं पान स्वतःची उष्णता सरळ आभाळाकडे सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी गार होऊ शकतं, शिवाय जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा गार असते ते वेगळंच. म्हणून पेपरात ३ किंवा ४ आकडा असला तरी अंगणातलं पान शून्याखाली गेलेलं असू शकतं. पानाच्या आतलं पाणी गोठलं की पेशी फाटतात आणि ऊन आल्यावर ते पान शिजवल्यासारखं दिसतं. तुम्ही वर्णन केलंय ते तंतोतंत हेच.

हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं बरं का. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली अलाहाबादकडे बर्फ कसा करतात ते लिहून ठेवलंय. मैदानात उथळ खड्डे करायचे, त्यात ऊसाची चिपाडं नाहीतर मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाड पसरायची आणि त्यावर मातीच्या पातळ, उथळ परळांत पाणी भरून रात्रभर उघड्यावर ठेवायचं. पहाटेपर्यंत परळांत बर्फ, आणि तेही त्या भागात आपोआप बर्फ कधी दिसत नसताना. आता बघा, यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात, एक म्हणजे वर आभाळ मोकळं ठेवलंय आणि दुसरं म्हणजे खाली चिपाडं घालून जमिनीची उब परळापर्यंत पोचू दिलेली नाही. आणि आपण कुंड्यांचं नेमकं हेच करतो! लोखंडी स्टँडवर, नाहीतर कठड्याला टांगून, वर छप्पर नाही आणि खाली जमिनीचा स्पर्श नाही. बर्फ करायचा कारखानाच झाला तो. आपल्याला याच्या बरोबर उलट करायचंय, म्हणजे वरून आभाळ झाकायचं आणि खालून जमिनीची उब येऊ द्यायची. माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

वाळवंटातच हे इतकं का होतं? हवा कोरडी असते म्हणून. हवेतली वाफ आणि ढग हे रात्रीचं पांघरूण असतं, ते नसलं की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता सूर्य मावळल्या मावळल्या सोडायला लागते. त्यात कोरडी वाळू उष्णता खोलवर नेतच नाही, दिवसाची उब वरच्या थोड्याशा थरात अडकते आणि रात्री पटकन संपते. म्हणून तिकडे जानेवारीत दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे दात वाजतात. चुरूला तर उन्हाळ्यात पारा ५० च्या वर गेलेला आहे आणि तिथेच हिवाळ्यात शून्याखाली उतरतो. आणखी एक, हवा फार कोरडी असली तर दव पडत नाही, म्हणजे पानावर पांढरं काही दिसतच नाही आणि तरी झाड गोठतं. सकाळी उठून पांढरं दिसलं नाही म्हणजे वाचलो, असं समजू नका, मी तसंच समजले होते पहिल्या वर्षी.

आता रात्र ओळखायची कशी ते सांगते. तिकडे हिवाळ्यात जो पाऊस पडतो त्याला मावठ म्हणतात. पश्चिमेकडून ढग येतात, एखाद-दुसरा दिवस रिमझिम होते, त्या रात्री उलट उबदार असतात आणि माणूस गाफील राहतो. मग आभाळ स्वच्छ होतं, उत्तरेकडून बोचरा गार वारा सुटतो, त्याला तिकडचे लोक डांफर म्हणतात, आणि ज्या संध्याकाळी तो वारा पडतो ना, ती रात्र खरी धोक्याची. आमच्या शेजारच्या बंगल्यावर एक म्हातारे माळीबाबा यायचे ते संध्याकाळी नुसतं वर बघायचे, चांदण्या लखलखीत आणि पिंपळाचं पान हलत नाहीये असं दिसलं की म्हणायचे आज पाला पडेल, झाका. हा पाला म्हणजे आपला झाडाचा पाला नव्हे, झाडं गोठवणाऱ्या थंडीला तिकडे पाला पडणं म्हणतात. कधी चुकलेले मला आठवत नाहीत. सूनबाईंना एक किमान-कमाल थर्मामीटर घेऊन कुंड्यांच्या शेजारी वितभर उंचीवर ठेवायला सांगा, आठवड्याभरात पेपरातल्या आकड्यात आणि आपल्या अंगणात किती फरक पडतो ते कळेल आणि मग त्या हिशोबाने चालायचं.

कुंड्या कुठे ठेवायच्या. सगळ्या स्टँडवरून, कठड्यावरून खाली उतरवा. घराच्या दक्षिणेकडची नाहीतर पश्चिमेकडची भिंत बघा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो म्हणून त्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री बराच वेळ उब देतात, विटांची किंवा दगडी भिंत असेल तर फारच छान. वर सज्जा, पत्रा, मांडव, अगदी दाट झाडाची फांदी असली तरी चालते, आभाळ दिसलं नाही म्हणजे झालं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, मोठ्या बाहेरच्या बाजूला आणि लहान मध्ये. लहान कुंडीत माती कमी असते म्हणून ती पटकन गार होते, ग्रो बॅग तर सगळ्यात वाईट, ती पातळ असते. जमिनीत लावलेल्या झाडाच्या मुळांना चहूबाजूंनी माती असते, कुंडीतल्या मुळांना मात्र फक्त बोटभर जाडीची भिंत, आणि मुळं ही फांद्यांपेक्षा नाजूक असतात, हे बरेच जण विसरतात आणि फक्त पानं झाकत बसतात.

यावर मी दुसऱ्या वर्षी जे केलं ते मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. भिंतीलगत दीड फूट खोल चर खणला, कुंड्या काठापर्यंत त्यात बसवल्या आणि मधल्या फटीत वाळू भरली. बिकानेरला वाळू काय, मागाल तेवढी. ही वाळू दमट ठेवायची, कोरडी ठेवून उपयोग नाही कारण दमट वाळूतून जमिनीची उब वर येते. जानेवारीच्या पहाटे त्या चरात हात घालून बघितला तर आत चक्क कोमट लागायचं आणि वरची वाळू बर्फासारखी. खणायला जागा नसेल तर कुंडीला गोणपाटाचे दोन-तीन वेढे देऊन सुतळीने बांधा, किंवा मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मध्ये वाळलेला पाला ठासा. गोणपाट पुण्याहून न्यायचा असेल तर मार्केट यार्डात भुसाराच्या दुकानांत रिकामं बारदान स्वस्तात मिळतं. मातीच्या वर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेली पानं पसरायचा सल्ला मीही पुण्यात देते, पण पाला पडायची रात्र असेल तेव्हा तो थर संध्याकाळच्या आधी जरा बाजूला सारा म्हणजे मातीतली उब झाकलेल्या पांघरुणात येईल, नाहीतर आपण परत चिपाडंच घातली.

पाण्याचं लोकांना उलटं वाटतं. थंडी आहे तर पाणी नको असं आपण म्हणतो, पण ओली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता साठवते. म्हणून धोक्याच्या रात्रीच्या आधी, सकाळी अकरा-बारापर्यंत, कुंड्यांना नीट पाणी द्यायचं म्हणजे दुपारच्या उन्हात ती ओली माती तापते. संध्याकाळी नाही द्यायचं आणि पानांवर तर अजिबात मारायचं नाही, कोरड्या हवेत पानावरचं पाणी उडताना पान आणखी गार होतं. राजस्थानातले शेतकरीसुद्धा पाला पडायच्या आधी मोहरी-जिऱ्याला हलकं पाणी देतात ते याचसाठी. पुण्याहून नेलेल्या कुंड्यांमध्ये बहुतेक वेळा कोकोपीट जास्त असतं, ते कोरडं झालं की नुसतं हवेनं भरलेलं असतं, उब धरत नाही, तर सूनबाईंनी रिपॉटिंग करताना त्यात माती वाढवावी.

आणि झाकणं. जुनी सुती चादर, धुवट साडी, नाहीतर आपल्या नाशिककडे कलिंगडावर वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हर, काहीही चालेल, फक्त ते जमिनीपर्यंत आलं पाहिजे. मी कित्येकांकडे बघितलंय, झाडाच्या डोक्यावर कापड टाकून खोडाशी सुतळीने आवळून बांधतात, त्याने उब आत येण्याचा रस्ताच बंद होतो, कारण उब येते मातीतून आणि माती राहिली बाहेर. बांबूच्या कामट्या किंवा पीव्हीसी पाइपची कमान करून त्यावर कापड तंबूसारखं सोडा आणि कडेने विटा ठेवा. सूर्य मावळायच्या थोडं आधी झाकायचं म्हणजे दिवसाची उब आत सापडते, रात्री दहाला आठवण झाली तर अर्धी उब गेलेली असते. सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्य उगवायच्या सुमाराला असते, म्हणून पहाटे पाचला उठून "आता काय, झालं" म्हणून काढू नका, ऊन अंगावर आलं की नऊच्या पुढे काढा. पण काढा मात्र रोज. जाड गोधडी नको, तिच्या वजनाने फांद्या मोडतात, त्यापेक्षा दोन पातळ चादरी मध्ये थोडी फट ठेवून टाकल्या तर जास्त चांगलं.

तुळशीचं वेगळं सांगते. ती मुळातच उबदार हवेतली, दहा अंशाच्या खाली तिला त्रास व्हायला लागतो आणि पाला पडला की ती वाचत नाही. उत्तरेकडे थंडीत तुळशीला चुनरी पांघरतात, आपल्याला ते फक्त श्रद्धेचं वाटतं पण त्या चुनरीने पानं आभाळापासून झाकली जातात हेही तितकंच खरं. माझं म्हणणं आहे की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत तुळशीची कुंडी रात्री सरळ घरात घ्या, दिवसा उन्हात. आणि तुमच्या सासूबाईंच्या तुळशीच्या मंजिऱ्या पुण्यात असतील तर वाळवून कागदाच्या पुडीत ठेवून द्या, थोड्या सुनेकडे पाठवा, होळीनंतर पेरल्या की उगवतील. पुण्यात वृंदावनात अजून ती असेलच ना? मग वंश गेलेला नाही काकू.

प्रश्न : मी जैसलमेरला राहते, माहेर पुण्याचं, सदाशिव पेठ. मागच्या वर्षी कुंड्यांवर प्लास्टिक टाकलं होतं तरी जिथे जिथे प्लास्टिक लागलं होतं तिथली पानं करपली, आणि एक दिवस मी काढायला विसरले तर दुपारपर्यंत आतली झाडं वाफाळून निघाली. प्लास्टिक वापरूच नये का?

उत्तर : कापड मिळत असेल तर नकोच. पातळ प्लास्टिकमधून उष्णता सहज आरपार जाते, ते रात्री स्वतः गार पडतं आणि जे पान त्याला चिकटलंय त्याची उब खेचून घेतं, तुमच्याकडे तेच झालं. वापरायचंच असेल तर आत चादर आणि बाहेर प्लास्टिक, तेही कमानीवर, पानाला कुठेही न लागता, वारा सुटलेला असेल तेव्हा याचा खरंच फायदा होतो. पण सकाळी काढायला विसरायचं नाही. वाळवंटातलं ऊन जानेवारीतही कडक असतं, दोन तासांत आत भट्टी होते. ऑफिसला लवकर जात असाल तर प्लास्टिकच्या वाटेला जाऊ नका, कापड एखादा दिवस राहिलं तरी झाड मरत नाही.

प्रश्न : आमच्या भावाने जोधपूरला झाडांना एलईडीच्या माळा गुंडाळल्यात, म्हणतो दिव्यांनी उब राहते. रात्री शेगडीही पेटवून ठेवतो व्हरांड्यात. बरोबर आहे का?

उत्तर : एलईडीने नाही राहत. जुने पिवळे तारेचे बल्ब खाल्लेल्या विजेची बहुतेक उष्णताच करायचे, म्हणून त्यांचा उपयोग व्हायचा, एलईडी कमी वीज खातो आणि उबही जवळजवळ देत नाही. जुना ४० किंवा ६० वॅटचा बल्ब मिळाला तर तो पांघरुणाखाली, जमिनीजवळ, कापडाला आणि पानाला न लागेल असा ठेवता येतो, पण होल्डर बाहेर वापरायचा, पाणी न शिरणारा पाहिजे आणि वायर कुठे उघडी नको, कापड आणि गरम बल्ब यांच्यात कमीत कमी हातभर अंतर ठेवा.

त्यापेक्षा मला पाण्याचा उपाय आवडतो, त्यात आगीची भीती नाही. आपल्याकडे ऑफिसात येतात ते वीस लिटरचे पाण्याचे जार, जुने झालेले, ते भरून दिवसभर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी पांघरुणाखाली कुंड्यांच्या मधे. वीस लिटर पाणी रात्रभरात दहा अंशांनी गार झालं तर जेवढी उष्णता सोडतं ती साठ वॅटचा बल्ब चार तास लावल्याएवढी असते. चार जार म्हणजे चार बल्ब, बिल शून्य. बाहेरून काळा रंग दिला तर उन्हात अजून चांगले तापतात. जार नसतील तर कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्याही चालतात, फक्त जास्त लागतील.

शेगडीचं मात्र हात जोडून सांगते. मोकळ्या अंगणात ठीक, पण बंद व्हरांड्यात, ज्याच्या दाराला लागून खोली आहे आणि तिथे माणसं झोपलीत, अशा ठिकाणी कोळशाची शेगडी रात्रभर ठेवायची नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. भावाला आजच फोन करा. निफाडला द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात ते लोकांनी पाहिलेलं असतं म्हणून वाटतं आपणही करावं, पण ती मोकळी बाग असते, बऱ्याच शेकोट्या असतात आणि माणसं जागी असतात. आणि तिथेही कामाला येते ती जाळाची उब, नुसत्या धुराने फार काही होत नाही.

प्रश्न : अडेनियमची हौस आहे, बारा कुंड्या आहेत. आता जयपूरला शिफ्ट होतोय. ओल्या मातीत उब राहते असं तुम्ही मागे म्हणाला होतात, मग अडेनियमलाही थंडीत पाणी द्यायचं ना?

उत्तर : नाही नाही, अडेनियम, निवडुंग, कोरफड, जेड या सगळ्यांना हा नियम उलटा. यांच्या खोडात आणि पानांत पाणी भरलेलं असतं, जितकं जास्त पाणी तितकं गोठण्याची आणि सडण्याची भीती जास्त. अडेनियम दहा-बारा अंशांच्या खाली झोपतं, पानं गाळतं, लोक घाबरून त्याला पाणी पाजतात आणि गड्डा बुडापासून मऊ पडतो. पानं गळायला लागली की पाणी तोडा, कुंड्या उन्हाच्या खिडकीत आत ठेवा आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत विसरून जा, गड्डा अगदीच सुरकुतला तर महिन्यातून एकदा दुपारी कपभर. हलवायला जड झालं असेल तर कुंडीतून गड्डा उपटून, मुळं सावलीत वाळवून, पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवला तरी दोन महिने राहतो, मी ठेवलाय.

निवडुंगाबद्दल एक छान गोष्ट. माझी एक मैत्रीण लेकीकडे अमेरिकेत अॅरिझोनात जाते, तिथे टूसॉनला तिने बघितलं की थंडीच्या रात्री लोक उभ्या निवडुंगांच्या शेंड्यांवर थर्मोकोलचे चहाचे कप उलटे घालतात. शेंडा हा वाढीचा कोंब, तोच सगळ्यात कोवळा आणि आभाळाकडे तोंड करून असतो. कप घातला की त्याचं आभाळ झाकलं. तुमच्याकडे उभे निवडुंग असतील तर करून बघा.

प्रश्न : पाषाणला राहतो. आमच्याकडेही यंदा ८ च्या खाली गेलं होतं. आम्हीही कुंड्या झाकायच्या का?

उत्तर : पुण्यात पाला पडून झाडं जाण्याची वेळ सहसा येत नाही. पुण्याचं आजवरचं नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १७ जानेवारी १९३५ चं, १.७ अंश, तेवढं परत आलं तर मात्र सगळं वरचं करावं लागेल. एरवी पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथे आकडा कमी लागतो आणि त्याच रात्री लवळ्याच्या टेकडीवर बराच जास्त असतो, कारण गार हवा जड असते, ती उतरून सखल भागात साचते. तुमची बाग नदीनाल्याजवळच्या खोलगट जागी असेल तर शेजारच्या टेकडीवरच्या सोसायटीपेक्षा तुमच्याकडे थंडी जास्त लागणार. अँथुरियम, अॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, क्रोटन एवढे भिंतीच्या आडोशाला घ्या आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या. गुलाब, पिटुनिया, पॅन्सी, झेंडू यांची चिंता सोडा, यातल्या पहिल्या तिघांना तर ही थंडी मानवते, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलात तर दिसेलच किती खुश असतात ती.

प्रश्न : ताई, बिकानेरहूनच लिहितेय. डिसेंबरच्या शेवटी पाला पडला, बोगनवेल, मोगरा, जास्वंद, लिंबू सगळं तपकिरी झालंय. माळी म्हणतो सगळं छाटून टाकू आणि खत घालू. घालू का?

उत्तर : आत्ता कात्री लावू नका. वरच्या मेलेल्या फांद्या दिसायला वाईट दिसतात पण खालच्या जिवंत भागावर त्या छपरासारख्या असतात. शिवाय आत्ता छाटलं आणि खत घातलं की जानेवारीच्या दुपारच्या उन्हाने कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या पाल्यात तेच आधी जातात, मग झाडाकडे परत फुटायला ताकद उरत नाही. नत्राचं खत तर ऑक्टोबरनंतर तिकडे देऊच नये.

जिवंत आहे का ते बघायचं असेल तर नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर तो भाग शाबूत, तपकिरी आणि कोरडं असेल तर गेलेला, मग थोडं खाली येऊन परत बघा. बोगनवेल आणि मोगरा बहुतेक वेळा बुडापासून परत येतात, मोगरा तर थंडीत तसाही झोपतो. कढीपत्ता मुळाशी नवीन फुटवे काढतो. जास्वंदीचं खोड बोटाएवढं जाड असेल तर आशा ठेवा. लिंबाचं कलम असेल तर जोडाच्या वरून फुटतंय की खालून ते नक्की बघा, खालून आलेला फुटवा जंगली खुंटाचा असतो, तो काढून टाका.

पाणी कमी द्या पण बंद करू नका, पानं नसली तरी कोरड्या वाऱ्याने फांद्या वाळतात, आठवड्यातून एकदा दुपारच्या आधी माती ओली होईल इतकंच. रात्रीचं झाकणं चालूच ठेवा, अजून पूर्ण जानेवारी जायचाय. होळीच्या सुमाराला डोळे फुगायला लागतील, तेव्हा जिवंत डोळ्याच्या वर अर्धा इंच ठेवून छाटा आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी चांगलं कुजलेलं शेणखत दोन मुठी. माझ्या सोनचाफ्याला मी फेब्रुवारीतच उपटून टाकलं होतं, आणि तेव्हा मुळं हातात आली तर पांढरी, जिवंत होती. म्हणून सांगते, एप्रिल उजाडेपर्यंत एकही कुंडी रिकामी करू नका.